शर्यतीच्या ट्रायमरानचे फ्लोट : वजन नेमकं वाचतं कुठे?

४ नोव्हेंबर २०१८ रोजी फ्रान्सच्या सेंट मालो बंदरातून ‘रूट दु रम’ ही शर्यत सुटली. दर चार वर्षांनी होणाऱ्या या शर्यतीत खलाशी एकट्याने अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पोहोचतो. त्या वर्षी ‘अल्टिम’ या सर्वांत मोठ्या गटात सहा ट्रायमरान, म्हणजे तीन अंगांच्या शिडाच्या नौका, होत्या. दोन दिवसांच्या आत सेबास्तियाँ जॉसच्या नौकेच्या एका फ्लोटचा, म्हणजे बाजूच्या अंगाचा, पुढचा भाग तुटून गेला आणि त्याला माघार घ्यावी लागली. आर्मेल ल क्लेआकच्या नौकेचा फ्लोट मोडला, नौका उलटली आणि त्याला समुद्रातून वाचवून आणावं लागलं. या दोन्ही नौका जेमतेम वर्षभरापूर्वी पाण्यात उतरलेल्या, त्या काळच्या सर्वांत प्रगत. शर्यत जिंकली फ्रान्सिस ज्वायाँने, २००६ साली बांधलेल्या नौकेवर, आणि तीही दुसऱ्या क्रमांकाच्या फ्रान्स्वा गाबारपेक्षा फक्त ७ मिनिटं ८ सेकंद आधी पोहोचून.

सहाही नौका कार्बन फायबरच्या होत्या. त्यांचे फ्लोट बांधणारे जगातल्या सर्वोत्तम कारागिरांपैकी होते. तरीही दोन फ्लोट मोडले. असं का होतं हे समजून घ्यायचं तर ‘कार्बन हलका आणि मजबूत असतो’ एवढ्या माहितीवर भागत नाही. कार्बन तर सगळेच वापरतात. फ्लोट हलका होतो तो धागे कोणत्या दिशेला टाकले, दोन थरांमध्ये किती जागा ठेवली आणि राळ, म्हणजे धाग्यांना धरून ठेवणारं चिकट रसायन, किती कमी वापरली यामुळे. मला या विषयाचं सगळं आकर्षण याच हिशेबात वाटतं, म्हणून तो सविस्तर मांडतो.

फ्लोटवर काय काय येतं

ट्रायमरानला तीन हल असतात. हल म्हणजे नौकेचं पाण्यात बसणारं अंग. मधल्या मोठ्या हलावर डोलकाठी उभी असते आणि आत खलाशी व सामान. दोन्ही बाजूंना आडव्या तुळयांनी जोडलेले लांब, निमुळते हल म्हणजे फ्लोट. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लहान होड्यांना एका बाजूला उलांडी बांधतात, तीमागचं तत्त्व हेच. पॅसिफिकच्या बेटांवरच्या लोकांनी ते हजारो वर्षं वापरलं आणि त्यावर महासागर ओलांडले.

अल्टिम गटाची नौका ३२ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद असू शकते. एवढ्या आकाराला वजन मात्र साधारण १५ टन. एका हलाच्या शिडाच्या नौकेला वाऱ्याने कलवलं की तळाखालच्या पात्यातलं, म्हणजे कीलमधलं, शिसं तिला सावरतं. ट्रायमरानमध्ये शिसं नसतं, रुंदी असते. वारा शिडांना ढकलतो, वाऱ्याआडचा फ्लोट पाण्यात दाबला जातो आणि वाऱ्याकडचा हवेत उचलला जातो. जोर आणखी वाढला की मधला हलसुद्धा पाण्यावरून सुटतो आणि नौकेचं सगळं वजन एकट्या फ्लोटवर येतं. फ्लोटची मध्यरेषा नौकेच्या मध्यरेषेपासून साधारण साडेदहा मीटरवर धरली, तर १५ टन गुणिले साडेदहा, म्हणजे जवळपास १६० टन-मीटरचा पीळ झाला. तो पुढची आणि मागची तुळई फ्लोटला जिथे मिळते त्या दोन जागांमधून जातो. त्यात भर म्हणजे पुढच्या लाटेवर फ्लोटचं नाक वर ढकललं जातं, तेव्हा शेपूट दुसऱ्या लाटेत असते. म्हणजे फ्लोट एकाच वेळी वाकतो, पिळला जातो आणि खालून आपटला जातो.

म्हणून फ्लोटला भरपूर आकारमान लागतं. आज शर्यतीच्या ट्रायमरानचा एक फ्लोट पूर्ण बुडाला तर नौकेच्या वजनाच्या दीडपट, दुप्पट किंवा त्याहून जास्त भार पेलेल असा आखतात. जुन्या ट्रायमरानमध्ये फ्लोट बरेच लहान असत. फ्लोट बुडू लागला की खलाशाने शीड ढिलं करायचं, असा त्यामागचा विचार होता. वेग वाढला तसा तो मागे पडला, कारण मोठ्या वेगात फ्लोटचं नाक पुढच्या लाटेत घुसलं तर शीड ढिलं करायला वेळच मिळत नाही आणि नौका नाकावरून कोलांटी खाते. आता फ्लोटच्या पुढच्या भागातच मोठं आकारमान ठेवतात आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, उलटी तिरकी कापतात, म्हणजे ती लाट चिरत जाते आणि तिच्यावर आपटत नाही.

इथे एक रास्त शंका येते. वाऱ्याकडचा फ्लोट हवेत लटकतो, मग तो जड असला तर नौका सावरायला मदतच होईल ना? होते. पण नौका वळली की तोच फ्लोट वाऱ्याआड जातो, त्यामुळे दोन्ही फ्लोट सारखेच जड ठेवावे लागतात आणि ते वजन कायमचं अंगावर राहतं. सावरण्याचा जोर हवाच असेल तर रुंदी वाढवावी किंवा गरजेपुरतं समुद्राचं पाणी टाकीत घ्यावं आणि काम झालं की सोडून द्यावं.

फ्लोटमधलं वजन कुठे आहे याला तर वजनाइतकंच महत्त्व आहे. लाटांवर नौका पुढे-मागे डुलते. हे डुलणं थांबवणं किती कठीण जाईल हे वजन गुणिले अंतराचा वर्ग यावर ठरतं. नौकेच्या मध्यापासून १५ मीटरवर नाळेत ठेवलेले १० किलो आणि मध्यापासून ५ मीटरवर ठेवलेले ९० किलो यांचा परिणाम सारखाच. नाळेतली एक जास्तीची कडी, रंगाचा एक जास्तीचा हात, लुकणाचा एक जाड पट्टा, या सगळ्याची किंमत तिथे अशी वर्गाने मोजावी लागते. म्हणून हलकं करायला सुरुवात टोकांपासून होते. आणि टोकावरच लाटा सर्वांत जोरात आपटतात.

धागा एकाच दिशेचा

कार्बनच्या धाग्याचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो. डोक्याचा केस त्याच्या सुमारे दहापट जाड. स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीच्या कुळातलंच एक रसायन, पॉलिॲक्रिलोनायट्राइल, तंतूंच्या रूपात ओढतात, हवेत २०० ते ३०० अंशांवर तापवून स्थिर करतात आणि मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर भाजतात. बाकीचं उडून जातं, कार्बन उरतो, आणि त्याचे स्फटिक तंतूच्या लांबीच्या दिशेने रचलेले असतात. नौकांमध्ये सर्रास वापरला जाणारा जपानच्या तोरे कंपनीचा टी-७०० हा धागा घेतला तर त्याची ताठरता २३० गिगापास्कल आहे, पोलादाच्या २०० ते २१० पेक्षा थोडी जास्त. घनता मात्र १.८, पोलादाची ७.८५. नेहमीच्या काचेच्या धाग्याची ताठरता ७२ च्या आसपास आणि घनता अडीचच्या पुढे.

या आकड्यांनी सहज दिशाभूल होते. धागा एकटा काही करत नाही. त्याला राळेत बसवावं लागतं आणि राळेला स्वतःची ताठरता नगण्य. ६० टक्के धागा आणि ४० टक्के राळ असलेला, सगळे धागे एकाच दिशेला असलेला थर घेतला तर त्या दिशेची ताठरता साधारण १३५ गिगापास्कलवर येते. त्याच थराला आडवं ओढलं तर ती दहाच्या खाली जाते. आता कुणी म्हणालं की भार कुठूनही येऊ शकतो, म्हणून धागे सगळ्या दिशांना सारखे टाकू, तर ताठरता सुमारे ५० वर उतरते. घनतेने भागून पाहिलं तर हा थर ॲल्युमिनियमपेक्षा फार पुढे राहत नाही. महागडा कार्बन विकत घ्यायचा आणि त्याचा मोठा फायदा मांडणीत घालवायचा, असा तो प्रकार होतो.

म्हणून फ्लोटचा आराखडा करणारा आधी भार कुठून कुठे जातो याचा नकाशा काढतो. फ्लोट वाकतो तेव्हा वरची डेकची बाजू दबते किंवा ताणली जाते आणि तळाची बाजू त्याच्या उलट. त्यामुळे डेकच्या आणि तळाच्या मध्यावर लांबीच्या दिशेने एकदिश धाग्यांच्या पट्ट्या जातात. पिळाला उत्तर म्हणून फ्लोटच्या पूर्ण घेरावर, विशेषतः बाजूंच्या भिंतींमध्ये, अधिक-उणे ४५ अंशांचे थर. तळाला लाट आपटते तिथे भिंत आत दबू नये म्हणून आडवे, ९० अंशांचे थर. तुळयांच्या जागेजवळ थरांची संख्या वाढत जाते, टोकांकडे एकेक थर कमी होत जातो. प्रत्येक थराचा आकार, दिशा आणि क्रम कागदावर असतो आणि कारागीर त्याच क्रमाने काम करतो. एखाद्या जागी दिशा चार-पाच अंशांनी चुकली तरी त्या जागेची ताठरता घटते.

कार्बन ओढ सोसण्यात फार पटाईत आहे, दाब सोसण्यात तेवढा नाही. दाबाखाली बारीक तंतू वाकू पाहतात आणि राळ त्यांना धरून ठेवते. धाग्यात बांधतानाच एखादी बारीक लाट किंवा सुरकुती राहिली असेल तर तंतूंना वाकायला आयतं निमित्त मिळतं. म्हणून एकदिश पट्ट्या ताणून, सरळ आणि एकाही सुरकुतीशिवाय बसवणं हे कार्यशाळेतलं सर्वांत जबाबदारीचं काम.

मधली जागा

फ्लोटची भिंत सलग कार्बनची केली तर ती एक तर जड होईल, नाही तर पातळ ठेवल्यामुळे लचकेल. उपाय म्हणजे कार्बनचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये हलका गाभा. पुठ्ठ्याचा खोका हातात घेऊन दाबून पाहा. दोन कागदांमध्ये नागमोडी कागद असल्यामुळे तो किती ताठ राहतो ते कळेल. वाकताना एक पत्रा ताणला जातो, दुसरा दबतो, आणि गाभा त्यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतो. या क्षेत्रात एक आकडेवारी सगळ्यांना पाठ असते. सलग पत्रा मध्ये चिरून त्यात गाभा घातला आणि एकूण जाडी दुप्पट केली तर ताठरता सातपट होते, वजन फक्त ३ टक्क्यांनी वाढतं. जाडी चौपट केली तर ताठरता ३७ पट, वजनवाढ ६ टक्के.

मोठ्या नौकांमध्ये गाभा बहुतेक वेळा नोमेक्सचा असतो. अरामिड कागदाच्या पट्ट्या षटकोनी घरांच्या जाळीत चिकटवून फिनॉलिक राळेत बुडवलेल्या. घनमीटरला ४८ किलो वजनाचा नोमेक्स नेहमी वापरला जातो. ३० मिलिमीटर जाडीच्या अशा गाभ्याचा एक चौरस मीटर दीड किलोच्या आत भरतो. एक मिलिमीटर जाडीच्या सलग कार्बनचा एक चौरस मीटर १.६ किलो. म्हणजे तीन सेंटिमीटर गाभा हा एका मिलिमीटर कार्बनपेक्षाही हलका. फ्लोटमध्ये वजन वाचतं ते सर्वांत जास्त इथे.

नोमेक्सचे दोष मात्र तेवढेच खरे आहेत. तो एका दिशेने सहज वळतो, दोन्ही दिशांनी वळवू गेलं की कुरकुर करतो. पत्र्याला तो फक्त घरांच्या पातळ कडांवर चिकटतो, त्यामुळे गोंदाचा थर नेमका लागतो. कुठे चीर पडली आणि पाणी आत गेलं की घरांत ते साचून राहतं. फोमचा गाभा जड असतो, पण पूर्ण पृष्ठभागावर चिकटतो आणि आपटल्यावर थोडं दबून सावरतो. म्हणून बरेच बांधणारे लाटा आपटणाऱ्या तळाला आणि नाळेला फोम घालतात आणि डेक व वरच्या भिंतींना नोमेक्स. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. कागदावर सर्वांत हलका ठरणारा गाभा प्रत्येक जागी योग्य नसतो.

हे तत्त्व आपल्याकडच्या दर्यावर्दींनाही चांगलं माहीत आहे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या जहाजवाड्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारागिरांनी बांधली, आणि २०१७-१८ मध्ये भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना जगभर फिरवून आणणारी ‘तारिणी’ही त्यांचीच. या दोन्ही एका हलाच्या नौका आहेत, कार्बनच्या नाहीत. पण हल मात्र लाकडाच्या गाभ्यावर काचतंतूंचे थर असा. तिथे हेतू टिकाऊपणाचा होता, शर्यतीचा नव्हता, म्हणून गाभा लाकडाचा.

राळेचा हिशेब

नवखा बांधणारा कार्बनचं कापड हलकं मिळावं म्हणून दुकानं पालथी घालतो आणि राळ ब्रशने फासतो. तिथेच त्याची बचत संपते. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं कापड घ्या. हाताने रोलर फिरवून राळ भिजवली तर कापडाच्या वजनाइतकी, म्हणजे ३०० ग्रॅमच्या आसपास राळ बसते. निर्वात पिशवीखाली नीट दाबून किंवा आधीच मोजून राळ भरलेलं कापड वापरून हे प्रमाण एकूण वजनाच्या ३६ टक्क्यांवर आणता येतं, म्हणजे १७० ग्रॅम. दर थराला चौरस मीटरमागे १३० ग्रॅमचा फरक पडतो. समजा दहा मीटरच्या लहान ट्रायमरानच्या दोन्ही फ्लोटचं मिळून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर आहे आणि आत-बाहेर मिळून सहा थर. नुसत्या राळेत ३१ किलो गेले. ही जास्तीची राळ नौकेला कुठलीच ताकद देत नाही. उलट थर जाड झाल्याने तो ठिसूळ होतो.

राळ इतर वाटांनीही शिरते. वळणावर बसावा म्हणून फोमला चौकडीच्या चिरा दिलेल्या असतात. फोम वळला की त्या उघडतात आणि राळेने भरतात. शर्यतीच्या फ्लोटसाठी म्हणून असा चिरलेला फोम टाळतात आणि सलग फोम गरम करून साच्यावर वाकवतात. नोमेक्सला चिकटवायच्या गोंदाचा पातळ पडदा दोन्ही बाजूंना लागतो, तोही चौरस मीटरला ठरावीक ग्रॅमचाच निवडतात. बाहेरून लुकण आणि रंग आलेच. फ्लोट जर आतून आकार देणाऱ्या सांगाड्यावर बांधला तर बाहेरची बाजू खडबडीत राहते, ती घासून, लुकण भरून गुळगुळीत करावी लागते. बाहेरून आकार देणाऱ्या पोकळ साच्यात बांधला तर बाहेरची बाजू साच्यातूनच गुळगुळीत येते. साचा करायला खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, तरी लुकणाचं वजन वाचतं, तेही बरंचसं टोकांवरचं.

साचा, पिशवी, भट्टी

मोठ्या फ्लोटच्या साच्याचा आकार संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरतात. साचा कशाचा करायचा हा प्रश्न तापमानामुळे येतो. राळ कडक व्हायला ८० ते १२० अंशांची ऊब लागते. ३० मीटर लांबीचा पोलादी साचा ८० अंशांनी तापवला तर तो जवळपास २९ मिलिमीटर लांब होतो. कार्बन मात्र तापल्यावर जवळजवळ वाढत नाही. म्हणजे कार्बनचा फ्लोट ताणलेल्या साच्यात कडक होणार आणि थंड होताना साचा त्याला आखडत नेणार. म्हणून साचाही बहुधा कार्बनचाच करतात, दोघं एकाच चालीने वाढतात आणि आटतात.

राळ भरलेलं कापड शून्याखाली १८ अंशांवर गोठवून ठेवलेलं असतं, नाहीतर राळ आपोआप पिकू लागते. रोल बाहेर काढला की पिशवीतच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. घाईने उघडला तर थंड कापडावर दव धरतं, ते पाणी भट्टीत वाफ होतं आणि थरात पोकळ्या राहतात. मग कारागीर कागदावरच्या क्रमाने तुकडे बसवतात. दर तीन-चार थरांनंतर वर प्लास्टिक टाकून हवा ओढून घेतात, त्यामुळे थर दाबले जातात आणि अडकलेली हवा निघते. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि तोच सर्वांत आधी गाळावासा वाटतो. जाड भागात तो गाळला तर आतले धागे भट्टीत खाली बसताना दुमडतात आणि वर सांगितलेली ती घातक सुरकुती तयार होते.

शेवटी थरांवर नंतर सोलून काढायचं कापड, छिद्रांचा पडदा, हवा जाऊ देणारी लोकरी चादर आणि सर्वांत वर निर्वात पिशवी असा क्रम लागतो. पिशवीच्या कडा चिकट पट्टीने बंद करतात. पंप चालू केला, हवा ओढली, की बाहेरची हवाच पिशवीवर चौरस मीटरला सुमारे १० टनांनी दाबते. मग पंप अलग करून दाबाच्या काट्याकडे बघत थांबायचं. काटा सरकला तर कुठेतरी गळती आहे आणि ती सापडेपर्यंत भट्टी पेटवायची नाही. अंधुक सुसकारा ऐकत, कडेकडेने कान लावून गळती शोधणारी माणसं या कामाचा कणा आहेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं, कारण ३० मीटरच्या पिशवीत एक टाचणीएवढं भोकही पुष्कळ झालं.

याहून जास्त दाब हवा असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाची बंद भट्टी लागते. डोलकाठ्या आणि फॉइल, म्हणजे वेगात नौकेला पाण्यावर उचलणारे पाण्याखालचे पंख, त्यात भाजतात. ३० मीटरचा फ्लोट मावेल असा ऑटोक्लेव्ह मिळणं फार कठीण, म्हणून फ्लोट साध्या दाबाखाली मोठ्या भट्टीत भाजतात. हे काम एका दमात होत नाही. आधी बाहेरचा पत्रा भाजून कडक करायचा, मग त्यावर गाभा चिकटवून पुन्हा भाजायचं, मग आतला पत्रा. सगळं एकदम भाजलं तर निर्वाताच्या दाबाने मऊ पत्रा नोमेक्सच्या प्रत्येक घरात थोडा खाली बसतो, आणि खळग्या पडलेला पातळ पत्रा दाब सोसण्यात कमी पडतो.

घरी किंवा लहान शेडमध्ये आठ-दहा मीटरची ट्रायमरान बांधणाऱ्याने नोमेक्स आणि गोठवलेल्या कापडाच्या मोहात पडू नये असं माझं मत आहे. कोरडं कापड आणि फोम साच्यात बसवून, पिशवी बंद करून, निर्वाताच्या जोरावर राळ आत खेचून घेण्याची पद्धत त्याच्या हातात राहते. भट्टीची गरज कमी, राळेचं प्रमाण चांगलं, आणि चूक झाली तर दिसते. राळ पोहोचली नाही ती जागा फिकी, कोरडी राहते. आणि मास्क, हातमोजे यात कसूर नको. इपॉक्सी राळेची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते, आणि कार्बन घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांना आणि विजेच्या यंत्रांना दोन्हींना वाईट.

जोड

फ्लोट दोन भागांत बनतो, एक तर डावा-उजवा, नाहीतर तळ आणि डेक. भाग जोडण्याआधी आत आडव्या भिंती बसवतात. त्या फ्लोटला पिळापासून वाचवतात आणि पाणी शिरलं तर एकाच कप्प्यात अडवतात. नाळेच्या टोकाला एक बंद कप्पा मुद्दाम ठेवतात. ओंडका किंवा कंटेनर धडकला तर तो चेपावा आणि मागचा भाग वाचावा, यासाठी. तुळई जिथे मिळते आणि फॉइल जिथून आरपार जातं, तिथे गाभा काढून सलग कार्बन किंवा दाट गाभा घालतात. नोमेक्स पूर्ण पृष्ठभागावरचा भार छान पेलतो, एका बोल्टचा नाही. सलग भागातून गाभ्याच्या भागाकडे जाताना थर आणि गाभा दोन्ही हळूहळू निमुळते करावे लागतात, एकदम थांबले तर तिथेच चीर सुरू होते.

धातू जोडताना आणखी एक पथ्य. कार्बन वीज वाहतो. खाऱ्या पाण्यात तो ॲल्युमिनियमला टेकला की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. म्हणून मध्ये काचतंतूंचा थर देतात किंवा सरळ टायटॅनियम वापरतात.

मोडतो तेव्हा

ॲल्युमिनियम किंवा पोलाद मोडण्याआधी वाकतं. कार्बन ती सूचना देत नाही. धागा दोन टक्क्यांच्या आसपास ताणला की तुटतो, तोवर तो जसाच्या तसा परत येतो. त्यामुळे हलक्या फ्लोटमध्ये सुरक्षिततेची फट किती ठेवायची हा निर्णय आराखडा करणाऱ्याच्या सगळ्या निर्णयांत अवघड. २००२ च्या ‘रूट दु रम’मध्ये वादळात अठरा साठ-फुटी ट्रायमरान निघाल्या आणि तीनच पोहोचल्या. त्यातल्या अनेकींची रचनाच सोसली नाही. फॉइल आल्यापासून प्रश्न आणखी बिकट झाला. नौका पाण्यावर उडू लागली तसा वेग वाढला, आणि ती खाली येते तेव्हा फ्लोटच्या तळावर येणारा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. आधीच्या नौकांवरून घेतलेले भाराचे अंदाज त्या वेगाला पुरत नाहीत.

अनेकदा पत्रा शाबूत दिसतो आणि आत गाभा चिरडलेला असतो. लाट आपटली की गाभ्यावर कातरणारा जोर येतो, तो तिरका चिरतो आणि पत्रा गाभ्यापासून सुटतो. पुढच्या काही हजार लाटांत ती जागा पसरत जाते. म्हणून शर्यतीनंतर फ्लोट बोटभर जागा न सोडता ठोकून पाहतात. चिकटलेल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. सलग जाड भाग अल्ट्रासाउंडने तपासतात. मोठ्या नौकांमध्ये काचेचे प्रकाशतंतू थरांतच पुरलेले असतात. ताण वाढला की त्यातल्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते आणि खलाशाच्या पडद्यावर इशारा येतो.

दुरुस्ती होऊ शकते, हा या पदार्थाचा मोठा गुण. खराब भाग कापून काढतात, कडेचा पत्रा खूप लांब उताराने घासतात. जाडीच्या वीस ते पन्नास पट लांबीचा उतार लागतो, म्हणजे दोन मिलिमीटरच्या पत्र्याला चार ते दहा सेंटिमीटर. मग जुना प्रत्येक थर ज्या दिशेचा होता त्याच दिशेचा नवा थर त्या उतारावर बसवत वर येतात. नाळ पूर्ण गेली असेल तर मूळ साच्याचा तो भाग काढून त्यात नवं नाक भाजून फ्लोटला जोडतात, म्हणून नौका पाण्यात गेल्यावरही साचे मोडीत काढत नाहीत. जोडाची जागा थोडी जड होणारच. ती किती जड झाली हे वजनकाट्यावर मोजून दुसऱ्या फ्लोटशी ताडून बघतात.